टॉप गिअरचा दहावा सीझन आणि माझी भंगाराची आवड

मला गाडी चालवता येत नाही. शिकायची इच्छाही नाही. बॉनेट उघडून आत पाहिलं तर मला फक्त काळी-राखाडी अडगळ दिसते. पण पोटासाठी मी व्हिडिओ एडिट करते, आणि कॉमेडी कशी कापायची हे शिकायला कुणी नवखं शेजारच्या खुर्चीत येऊन बसलं की त्याला आधी टॉप गिअरचा दहावा सीझन बघायला लावते. बीबीसीचा, ऑक्टोबर ते डिसेंबर २००७ मधला, दहा भागांचा. जेरेमी क्लार्कसन, रिचर्ड हॅमंड, जेम्स मे. कार्यक्रम गाड्यांचा आहे हे खरं, पण गाड्या चांगल्या असल्या की तो मला कंटाळा आणतो. गाडी जितकी भिकार तितका भाग चांगला, असं माझं ठाम मत आहे. गाडीवेडे मित्र त्यावरून माझ्याशी भांडतात. भांडोत.

पहिलाच भाग घ्या. जगातला सर्वोत्तम रस्ता शोधायला तिघं आल्प्समध्ये जातात. लॅम्बॉर्गिनी गायार्डो सुपरलेजेरा, पोर्शे ९११ जीटी३ आरएस आणि ॲस्टन मार्टिनची एन२४. शोध संपतो इटलीतल्या स्टेल्व्हिओ घाटात, २,७५७ मीटर उंचीवर, एकावर एक रचलेल्या वळणांत. प्रत्येक फ्रेम कॅलेंडरवर छापावी अशी. पण गाड्या उत्तम, रस्ता उत्तम, हवा उत्तम, म्हणजे कुणाचं काही अडत नाही. मग बघायचं काय? पुढे २००९ मध्ये याच मंडळींनी रोमानियातल्या ट्रान्सफागाराशान रस्त्याला स्टेल्व्हिओपेक्षा वरचा ठरवून टाकलं, आणि कुणाला त्याचं फारसं वाईटही वाटलं नाही. त्या निकालात किती जीव होता ते यावरून कळतं. बुगाटी वेरॉन आणि टायफून लढाऊ विमानाची शर्यतही याच सीझनमध्ये आहे. विमान जिंकतं. बरं.

खरा सीझन सुरू होतो तो तिघं गाडीतून इंग्लिश खाडी ओलांडायला निघतात तिथे. त्याआधीच्या एका सीझनमध्ये त्यांनी तरंगत्या गाड्यांचा प्रयोग केलेला असतो आणि त्यात पुरेशी शोभा झालेली असते. तरी पुन्हा. मेनं ट्रायम्फ हेराल्डला शीड लावलंय, हॅमंडनं फोक्सवॅगनची कॅम्पर व्हॅन आणलीय, आणि क्लार्कसननं निसानच्या पिकअपला मागे मोटरबोटीचं इंजिन लावून तिचं नाव ठेवलंय निसँक. निसान आणि बुडणं एकाच शब्दात. अपशकुन स्वतःच्या हातानं दारावर लिहिलेला. पण गंमत अशी की तीच टिकते. बाकीच्या दोघांच्या गाड्या गारद होतात आणि शेवटी तिघं त्या एका पिकअपमध्ये बसून फ्रान्सच्या किनाऱ्याला, कॅलेजवळच्या सांगातला लागतात.

नवख्यांना मी दाखवते ती गोष्ट इथे पहिल्यांदा नीट दिसते. माणूस बढाई मारतो, तिचं शेवटचं अक्षर तोंडातून बाहेर पडतंय न पडतंय तोच कट, आणि पुढच्या शॉटमध्ये पाणी. मध्ये श्वास नाही, संगीत नाही, ‘आता बघा हं’ असं सुचवणारं काही नाही. आपल्याकडे एडिटर तिथे हमखास ‘टॉइंग’ असा आवाज टाकतात. तो आवाज टाकणाऱ्याला मी पुन्हा पहिल्यापासून भाग बघायला लावते.

पील पी५० बद्दल थोडक्यात. आयल ऑफ मॅनवर १९६० च्या दशकात बनलेली तीन चाकांची गाडी: लांबी सुमारे १३७ सेंटिमीटर, इंजिन ४९ सीसी, दरवाजा एक, दिवा एक, वायपर एक. रिव्हर्स गिअर नाही. मागे एक कडी आहे, उतरायचं आणि कडीला धरून गाडी उचलून फिरवायची. क्लार्कसन हा साडेसहा फुटी माणूस तिच्यात बसून लंडनमधून ऑफिसला जातो, आणि बाहेर पार्किंग शोधण्याऐवजी सरळ बीबीसी टेलिव्हिजन सेंटरच्या आत शिरतो. कॉरिडॉर, लिफ्ट, मीटिंग, सगळं गाडीतूनच. यात कसलीही युक्ती नाही. मोठा माणूस, छोटी गाडी, गंभीर इमारत. विनोद कास्टिंगमध्येच झालाय. एडिटरनं फक्त मध्ये मध्ये यायचं नाही, आणि तो येत नाही.

आता बोट्स्वाना. हा भाग ४ नोव्हेंबरला लागला होता आणि सीझनचं नाव काढलं की लोक हाच सांगतात, त्यामुळे मला थोडं आडवं बोलायची खुमखुमी येते, पण जमत नाही. अटी साध्या: गाडी तिथेच विकत घ्यायची, १,५०० पौंडांच्या आत, फक्त दोन चाकांना ताकद मिळणारी आणि कच्च्या रस्त्यासाठी न बनवलेली. झिम्बाब्वेच्या सीमेपासून नामिबियाच्या सीमेपर्यंत सुमारे हजार मैल. क्लार्कसनची लान्चिया बीटा कूपे, मेची मर्सिडीज २३०ई, हॅमंडची १९६३ ची ओपेल काडेट. ज्याची गाडी मरेल त्यानं मागून येणाऱ्या फोक्सवॅगन बीटलमध्ये बसायचं. क्लार्कसनला बीटल डोळ्यांसमोर नको असते. शिक्षा अशी निवडावी लागते, की ती प्रत्यक्षात द्यायची वेळ आली नाही तरी प्रेक्षकाच्या मनात ती सतत मागून येत राहते. पटकथा शिकवणारे ज्याला दोन तास घेतात ते इथे एका जुन्या बीटलनं होतं.

वाटेत मकगडिकगडी. मिठाचं प्रचंड कोरडं मैदान, वर पातळ पापुद्रा आणि खाली चिखल. गाडी जड असेल तर पापुद्रा फुटणार. म्हणून क्लार्कसन आणि मे दारं, काचा, जे निघेल ते उपटून फेकतात. हॅमंड नकार देतो. कारण तोवर त्याच्याकडून एक गोष्ट घडून गेलेली असते: त्यानं गाडीचं नाव ठेवलेलं असतं. ऑलिव्हर. नाव तोंडातून निसटतं आणि त्याच क्षणी त्याच्या चेहऱ्यावर कळतं, की आता संपलं, आता हिचा एक स्क्रूही काढवणार नाही. हा शॉट मी नवख्यांना थांबवून दाखवते. चाळीस हॉर्सपॉवरचा एक जुना डबा त्या क्षणी पात्र होतो. तिथून पुढे ऑलिव्हर नदीत बुडतो तेव्हा हसू येता येता घशात अडकतं, आणि हॅमंड रात्रभर खपून त्याला जिवंत करतो तेव्हा मला, जिला कार्ब्युरेटर कुठे असतो ते माहीत नाही तिला, हायसं वाटतं. दारं काढून फेकणाऱ्यांची गत पुढे काय झाली? कलहारीची पिठासारखी धूळ थेट नाकातोंडात. आणि त्याहून पुढे जंगली जनावरांचा मुलूख लागल्यावर हाती लागेल त्याची दारं ठोकत बसायची पाळी. आधीच्या प्रसंगात केलेला शहाणपणा पुढच्या प्रसंगात अंगाशी येतो, अशी एकाला एक लागलेली रचना. हे सगळं आपोआप घडलं असेल का? अर्थातच नाही.

माझ्या धंद्यामुळे मला शिवण दिसते. तीन गाड्या निर्मनुष्य मैदानात पहिल्यांदाच पोचताहेत, आणि शॉट मात्र समोरून आहे. म्हणजे कॅमेरा आधीच तिथे पोचलाय. तो ज्या गाडीतून गेला ती काही लान्चिया कूपे नसणार. साधी गाडी चालते, मोठाल्या फोर-बाय-फोरची गरज नाही, हे सिद्ध करायला निघालेल्या प्रवासात चित्रीकरणाचा ताफा कशातून हिंडत होता हा प्रश्न मी एकदा विचारला आणि मग सोडून दिला. कारण माणसांची वाक्यं लिहून देता येतात. जुन्या इटालियन गाडीला कधी बंद पडायचं हे लिहून देता येत नाही. लान्चिया ज्या सातत्यानं मोडते ते कुठल्याही लेखकाच्या बापाला सुचलं नसतं.

त्याच भागात ‘स्टिगचा आफ्रिकी चुलतभाऊ’ (स्टिग म्हणजे हेल्मेट कधीच न काढणारा, कार्यक्रमाचा अनामिक रेसिंग ड्रायव्हर) म्हणून जो प्रकार आणलाय तो मात्र तेव्हाही वाईट होता आणि आता तर बघवत नाही. माझ्या हातात असतं तर तो तुकडा टाइमलाइनवरून उडवला असता. गोष्टीला तसूभरही धक्का लागला नसता. बायकांबद्दलचे क्लार्कसनचे शेरेही तसेच. नवख्यांना हेही सांगते, नाहीतर त्यांना वाटायचं गाजलेलं सगळं उत्तमच असतं. (हॅमंडनं ऑलिव्हरला पुढे इंग्लंडला नेलं. आणि २०२४ मध्ये या तिघांचा एकत्र शेवटचा प्रवास संपला तो मकगडिकगडीतल्या कुबू बेटापाशी. म्हणजे ती जागा फक्त मलाच लागलेली नाही.)

तरी माझा सगळ्यात लाडका भाग बोट्स्वानाचा नाही. तो ब्रिटिश लेलँडचा. प्रत्येकी १,२०० पौंड आणि एक प्रश्न: या कंपनीनं एक तरी चांगली गाडी बनवली का? क्लार्कसन रोव्हर एसडी१ आणतो, हॅमंड ट्रायम्फ डोलोमाइट स्प्रिंट, मे ऑस्टिन प्रिन्सेस. १९६८ मध्ये अनेक ब्रिटिश गाड्यांची नावं एका छताखाली आणून ही कंपनी झाली, १९७५ मध्ये सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली, संप रोजचे झाले, आणि गाड्या गंजत्या, गळत्या म्हणून बदनाम झाल्या. त्यामुळे ट्रॅकवरून जाताना रोव्हरचा दरवाजा निखळून पडतो तेव्हा ब्रिटिश प्रेक्षक फक्त दरवाजाला हसत नाही. हीच एसडी१ १९७७ ची युरोपियन कार ऑफ द इयर होती. हे माहीत असलं की दरवाजा जरा जास्त जोरात आपटतो.

चाचण्या तर बघाव्यात. डोक्यावर टांगलेल्या चाळणीत अंडी ठेवून खडबडीत रस्त्यानं जायचं. फुटली की बलक अंगावर. आणि शेवटी गाडीत काठोकाठ पाणी भरून ती चालवायची, कोणाची जास्त वेळ पाणी धरते ते बघायला. चाचणी मूर्ख दिसते, पण विचार करा: गाडीची जोडणी किती घट्ट आहे हे मोजायला याहून प्रामाणिक उपाय कुठला? सांधे खोटं बोलत नाहीत, पाणी सगळं सांगतं. मे पाण्यात गळ्यापर्यंत बुडून स्टिअरिंग धरून बसलाय आणि चेहऱ्यावर संथ समाधान, हा शॉट एडिटरनं गरजेपेक्षा लांब ठेवलाय. बरोबर केलंय. या भागात मला एक गोष्ट फार आवडते: तिघं त्या गाड्यांची टर उडवतात खरी, पण परक्यानं उडवली असती तर त्यांना चाललं नसतं, हे त्यांच्या आवाजात ऐकू येतं.

लंडनची शर्यत चटकन सांगते. क्यू ब्रिजपासून लंडन सिटी विमानतळापर्यंत, गर्दीच्या वेळी. मे मर्सिडीजच्या मोठ्या जीएलमध्ये, क्लार्कसन थेम्सवरून स्पीडबोटीत, स्टिग बस आणि ट्यूबनं, म्हणजे भुयारी रेल्वेनं, हॅमंड सायकलवर. पहिला येतो सायकलवाला. दुसरी बोट, तिसरा स्टिग, आणि गाडी सगळ्यांच्या मागून. मोटारींच्या कार्यक्रमानं मोटार शेवटी आली हे स्वतःच्याच तोंडानं जाहीर करायचं. एखादा भित्रा निर्माता असता तर शर्यत पुन्हा घेतली असती.

सिल्व्हरस्टोनच्या चोवीस तासांच्या शर्यतीत मात्र सूर बदलतो. आधीच्या सीझनमध्ये ट्रॅक्टर चालवून पेरलेलं रेपसीड, म्हणजे मोहरीच्या कुळातलं पीक, त्याच्या तेलावर डिझेल बीएमडब्ल्यू पळवायची. गाडीवर खोट्या प्रायोजकांची चावट नावं. इथवर नेहमीचंच. पण रात्र पडते, गाडी ठोकली जाते, दुरुस्तीत वेळ जात राहतो, आणि तिघांच्या तोंडचे विनोद हळूहळू आटतात. हॅमंडला सप्टेंबर २००६ मध्ये एल्व्हिंग्टनला जेट कारमध्ये ताशी २८८ मैलांच्या वेगात अपघात झाला होता, त्याला जेमतेम वर्ष लोटलंय. कुणी ते उच्चारत नाही. एडिटरही उगाच जुनी क्लिप घुसडत नाही, याबद्दल त्याला माझा नमस्कार. ते एकूण ३९ वे येतात, आपल्या गटात तिसरे, आणि पूर्ण सीझनमध्ये पहिल्यांदाच त्यांचा आनंद लिहून दिलेला वाटत नाही.

शेवटच्या भागात लुईस हॅमिल्टन येतो. दोनच महिन्यांपूर्वी पहिल्याच सीझनमध्ये त्याचं फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद एका गुणानं हुकलंय, रायकोनेनचे ११०, याचे १०९. कार्यक्रमात पाहुण्यांना साध्या गाडीतून ट्रॅकवर घड्याळ लावून एक फेरी मारायला लावतात. त्याला देतात काय, तर सुझुकी लिआना. इतर पाहुण्यांना तोवर नवी शेव्हरोले मिळत होती, पण फॉर्म्युला वनवाल्यांची तुलना नीट व्हावी म्हणून त्यांच्यासाठी जुनी लिआनाच राखून ठेवलेली. ट्रॅक ओला, त्यात तेल सांडलेलं. वेळ १ मिनिट ४४.७ सेकंद, स्टिगच्या वेळेपेक्षा तीन दशांश मागे. एका दमात बघून टाकतो आपण ती फेरी. ओलं डांबर, कण्हणारे टायर, आणि भाजी आणायला न्यायच्या गाडीत बसलेला तो पोरगेला माणूस हात कसे फिरवतोय ते. माझ्या मते संपूर्ण सीझनमध्ये गाडी चालवण्याबद्दलचा एकमेव बघण्यासारखा तुकडा हाच आहे, आणि तोही लिआनामध्ये.