चटणीत वरून तेल घालता का?

माझ्या डब्यातली शेंगाचटणी बघितली की ऑफिसात, सोसायटीत, सगळीकडे मला एकच प्रश्न येतो, वरून तेल घालता का हो? आता तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते. एक थेंबसुद्धा घालत नाही. ते तेल दाण्यांचंच आहे, आणि ते काढायला मला माझ्या आत्यानं शिकवलं.

आत्या सोलापूरला बाळीवेशीजवळ राहायची. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, गिरणीत होते, गिरणी बंद पडली आणि घरात दोन शाळेत जाणारी पोरं, मग आत्यानं कडक भाकरी आणि चटणी विकायला सुरुवात केली. ज्वारीची भाकरी इतकी पातळ थापायची की काय सांगू, मग चुलीच्या कडेला उभ्या करून वाळवायची, पापडासारखी कडकडीत झाली की महिनाभर डब्यात राहते. मी दर सुट्टीत तिच्याकडे. मे महिन्यात सोलापूरचं ऊन म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस ठरलेलं, तरी पहाटे पाचला उठून तिचे दाणे भाजणं चालू, मंद आचेवर, लोखंडी कढईत, एकही दाणा काळा पडू द्यायची नाही.

सालं पाखडून झाली की दाणे, लसूण, जिरं, मीठ, लाल तिखट सगळं लोखंडी उखळात. मिक्सर होता घरात, पोरानं हौसेनं आणलेला, पण त्याची पाती दाणा नुसता कापतात, कूट होतं, आणि बत्त्याखाली दाणा चेचला जातो म्हणून तेल सुटतं. हे ती कधी समजावून बिमजावून सांगायची नाही. "ऐक की गं," एवढंच म्हणायची. आधी खट खट असा कोरडा आवाज येतो, मग हळूहळू तो जड होतो, धप धप, ओल्या मातीवर पडल्यासारखा, आणि चटणी बत्त्याला चिकटून वर यायला लागते. तेव्हा थांबायचं.

गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, तर घर भरलेलं असायचं. संक्रांतीच्या सुमारास अक्षता सोहळा, सिद्धेश्वराच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न, आत्या ते बघायला सकाळीच जायची आणि परत यायची ती केसांत तांदूळ अडकलेले घेऊन, ते तसेच ठेवून पोरांना वाढायला बसायची. आम्ही तिच्या अंबाड्यातून एकेक दाणा वेचायचो, ती मान खाली करून हसत बसायची. मला आत्या आठवते ती अशीच.

शेवटची तीन वर्षं तिला दिसायचं फार कमी. उखळाशी बसवत नव्हतं. मग मी गेले की मी कुटायची आणि ती आतल्या खोलीत कॉटवर, पायावर चादर घेऊन, गुडघा दाबत ऐकत राहायची. "अजून नाही." जरा वेळानं परत, "अजून नाही गं, घाई कशाला करतीस." आणि मग एकदम "बास!" बघितलं तर खरंच कडेनं तेल चमकत असायचं, एकदाही चुकली नाही.

ती गेल्यावर पोरांनी विचारलं तुला काय पाहिजे, मी उखळ मागितलं. आता ते पुण्यात माझ्या स्वयंपाकघरात आहे, खाली जुनं पोतं घालून कुटते. आवाज बदलला की कळतं मला, पण आतून कुणी बास म्हणत नाही, म्हणून अजून चार घाव घालते, मग अजून चार. त्यामुळंच माझ्या चटणीला तेल जास्त सुटतं.