‘विहिरीतला गिऱ्हा’: गेम जॅम, पोलीस पाटीलबाई आणि रुसलेली जोडाक्षरं

माझा छोटा रोल-प्लेइंग गेम वेळेत सबमिट झाला, ब्राउझरमध्ये चालतो, लोक खेळतात. तरी एका गोष्टीचा राग अजून डोक्यात आहे. गेम जॅम म्हणजे ठरलेल्या मुदतीत गेम करून द्यायची स्पर्धा; ही आठवड्याची होती. त्यात कथा झाली, चित्रं झाली, आवाज झाले. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो मराठी वाक्य पडद्यावर मराठीसारखं दिसावं या कामाने. पुढे कुणी मराठीत गेम करायला बसेल तर त्याचा तेवढा वेळ तरी वाचावा म्हणून लिहितोय.

गेम असा: कोकणातली एक वाडी. विहिरीत माणूस बुडून मेलाय आणि सगळी वाडी म्हणते, गिऱ्ह्याने, म्हणजे पाण्यातल्या भुताने, ओढला. तपास करायचाय नव्याने नेमलेल्या पोलीस पाटीलबाईंनी. खाजगी गुप्तहेर मला नकोच होता; वाडीत तो येणार कुठून आणि त्याला दारात उभं कोण करणार? पोलीस पाटील मात्र 1967 च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाखाली नेमलेला गावचाच माणूस. संशयास्पद मृत्यूची खबर पोलिसांना देणं हे त्याचं कामच. लोक त्याला चहा देतात आणि खोटंही बोलतात. तपासकथेला याहून चांगलं पात्र मला सुचत नाही.

मुख्य पुरावा म्हणजे मेलेल्याच्या खिशातली चिठ्ठी: ‘रात्री विहीरीत डोकावून बघ.’ वाडीचा संशय निवृत्त गुरुजींवर, कारण मयताशी त्यांचा बांधावरून वाद होता. पण आयुष्यभर शुद्धलेखन तपासलेले गुरुजी ‘विहिरीत’ मधली दुसरी वेलांटी दीर्घ काढतील का? चिठ्ठी दुसऱ्या कुणाची तरी आहे, हे बाईंना तिथून कळतं. म्हणजे माझ्या गेममध्ये वेलांटी हाच पुरावा. आणि गेम इंजिन, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरमध्ये गेम बनवतात ते, नेमकं वेलांटीवरच अडलं.

सुरुवातीला जे इंजिन घेतलं होतं त्यात पहिला संवाद टाकला आणि पडद्याकडे बघतच राहिलो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर आली. ‘क्ष’ फुटून पाय मोडका क आणि शेजारी ष. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जायचा सोडून मधेच लोंबकळतोय. भुताचं नाव गिऱ्हा, त्यात ऱ्ह. त्याची तर तीन तुकड्यांत वाट लागली. मदत मागितली तिथे उत्तर काय, तर ‘इंग्रजीत कर ना, जास्त लोक खेळतील.’ हे उत्तर मला अजूनही बोचतं. नऊ कोटींच्या आसपास बोलणारे असलेल्या भाषेत एक चिठ्ठी नीट दिसावी, एवढंच मागणं होतं.

कारण समजायला सोपं आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत, ‘वि’ म्हणजे आधी व आणि मग वेलांटी, अशा क्रमाने साठवलेलं असतं. पडद्यावर काढताना वेलांटी आधी नेणं, जोडाक्षरं जुळवणं, रफार वर चढवणं हे काम वेगळं, त्याला शेपिंग म्हणतात. ब्राउझर ते करतो, फोन करतो, म्हणून आपल्याला ते कधी जाणवत नाही. बऱ्याच गेम इंजिनांनी मात्र एक अक्षर म्हणजे एक चित्र असं धरलेलं असतं. इंग्रजीला ते पुरतं, देवनागरीला नाही.

मग सगळं उचलून गोडो नावाच्या दुसऱ्या इंजिनात नेलं. 2023 साली आलेल्या गोडो 4 पासून त्यात हार्फबझ नावाची शेपिंगची लायब्ररी आहे. पहिलंच वाक्य अख्खं, सुंदर उमटलं. मी खुर्चीतून उठून घरात सगळ्यांना दाखवून आलो.

तरी दोन अडथळे उरलेच होते. संवाद टाइपरायटरसारखा एकेक अक्षराने उमटवायचा होता, भुताच्या गोष्टीत तो थांबत थांबत येणारा मजकूर हवाच. पण ‘क्षणभर’ लिहिताना आधी क, मग पाय मोडका क, मग एकदम क्ष असं फडफडायला लागलं. प्रत्येक बदलाला ओळीची रुंदी हलायची आणि शेवटचा शब्द खालच्या ओळीत उडी मारून परत यायचा. हे थांबवायची जागा आहे ती रिचटेक्स्टलेबल या गोडोच्या मजकूर दाखवणाऱ्या घटकाच्या ‘व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेवियर’ या पर्यायात. तिथे मुळात ‘बिफोर शेपिंग’ असतं, ते ‘आफ्टर शेपिंग’ करायचं. मग जोडाक्षरं आधी जुळतात आणि नंतर उमटतात. एका ड्रॉपडाउनचं काम, पण ते त्या ड्रॉपडाउनमध्ये आहे हे शोधण्यात रात्र गेली.

दुसरा अडथळा वेब एक्स्पोर्टचा, म्हणजे गेम ब्राउझरमध्ये चालेल असा बाहेर काढण्याचा. माझ्या लॅपटॉपवर सगळं झकास, ब्राउझरमध्ये सगळे चौकोन. गोडोच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. लॅपटॉपवर तो गुपचूप सिस्टिममधला फॉन्ट उसना घेतो, वेबवर तशी सोय नाही. फॉन्टची फाइल प्रोजेक्टमध्येच टाकून थीमला जोडावी लागते. मी ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा, मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ फॉन्ट घेतला. पिक्सेल फॉन्टचा मोह असेल तर सोडा. आठ पिक्सेलांच्या उंचीत वेलांटी, अनुस्वार आणि उकार एकत्र बसूच शकत नाहीत. लेबलच्या भाषेच्या खान्यात ‘एमआर’ हा मराठीचा कोड लिहायला विसरू नका, फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात.

म्हणून माझं ऐका: कथा, चित्रं काही करण्याआधी ‘गिऱ्ह्याने क्षणार्धात कुर्र्यात विहिरीत खेचलं’ असं काहीही वेडंवाकडं वाक्य टाका, एक्स्पोर्ट करा, इच डॉट आयओ या गेम ठेवायच्या साइटवर खाजगी पान करून चढवा आणि दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. फासे टाकून निकाल ठरवायचं गेममध्ये फार नसेल तर सरळ ट्वाइन हे मजकुरी गेम बनवायचं साधन वापरा. त्याचा गेम म्हणजे वेबपेजच असतं, त्यामुळे देवनागरीची चिंता ब्राउझर वाहतो.

फाशांवरून आठवलं. पुरावा कधीही फाशाच्या मागे लपवू नका. दोन फासे टाकून आठ किंवा जास्त हवेत म्हटलं की 36 पैकी 15 वेळाच जमतं, आणि चिठ्ठी हुकली तर तपास तिथेच संपला. माझ्याकडे चिठ्ठी सापडतेच. फासा ठरवतो तो बाईंची ‘धास्ती’ किती वाढली ते. धास्ती भरली की चकवा लागतो, त्याच चार पायवाटा फिरून फिरून येतात. नकाशाची जास्तीची चित्रं काढायची वाचली ती यामुळेच. सुटायचं तर पळायचं नाही, एका जागी बसून राहायचं. ज्यांना हे घरून माहीत आहे ते लगेच सुटतात, बाकीच्यांना वाडीतली म्हातारी सांगते.

माझी आत्या मराठीची शिक्षिका होती. तिने खेळताना चिठ्ठी उघडली आणि म्हणाली, “अरे, हे गुरुजींनी नाही लिहिलेलं, ‘विहीरीत’ कोण लिहितं असं?” अजून एकही फासा पडला नव्हता. तेव्हापासून मी चिठ्ठीचा फॉन्ट आणखी दोन पॉइंटांनी मोठा केलाय, कारण फोनच्या पडद्यावर ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटीतला फरक चष्म्याशिवायही दिसायला हवा.