पोर्ट-फॉरवर्ड चालतंय, सर्व्हिस चालेना

आमची कामं कुबरनेटीसवर चालतात, म्हणजे अनेक मशीनच्या समूहावर (क्लस्टरवर) कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीवर. तिथल्या आमच्या एका पॉडमध्ये, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या गटात, दोन कंटेनर. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, पोर्ट ८०८०. मागे रिपोर्ट देणारा पायथनचा प्रोग्रॅम, गनिकॉर्न या पायथन सर्व्हरवर, पोर्ट ८०००. एकाच पॉडमधल्या कंटेनरांचं नेटवर्क सामाईक, त्यामुळे एनजिनएक्स लोकलहोस्टवरूनच (१२७.०.०.१ या फक्त आतल्याआत चालणाऱ्या पत्त्यावरून) रिपोर्ट मागवायचा. सगळं सुरळीत. मग अकाउंट्सच्या टीमला त्यांच्या पॉडमधून थेट ८००० हवा झाला.

काम किरकोळ वाटलं. पॉडपर्यंत इतरांची मागणी पोचवणारी कुबरनेटीसची जी सर्व्हिस, तिच्या यॅमलमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) दुसरा पोर्ट घातला. एकाहून जास्त पोर्ट असले की प्रत्येकाला नाव द्यावंच लागतं, नाहीतर कुबरनेटीस फाइल घेतच नाही, नावंही दिली. ८०८० चालू, ८००० वर 'कनेक्शन रिफ्यूज्ड', म्हणजे जोडणी नाकारली.

"डिप्लॉयमेंटमध्ये कंटेनरपोर्ट लिहिलेला नाहीये ना, म्हणून," टीममधला एक जण म्हणाला. हा गैरसमज काही मरत नाही! डिप्लॉयमेंट म्हणजे पॉड कसे चालवायचे त्याचं वर्णन, आणि कंटेनरपोर्ट ही त्यातली ओळ निव्वळ माहितीपुरती. लिहिल्याने पोर्ट उघडत नाही आणि गाळल्याने बंद होत नाही. तरी त्याच्या समाधानासाठी घातली. ढिम्म. एंडपॉइंट्समध्ये (सर्व्हिस मागणी कुठे पाठवते त्या यादीत) पॉडचा आयपी आणि दोन्ही पोर्ट व्यवस्थित दिसत होते.

मग पोर्ट-फॉरवर्ड (आपल्या मशीनचा पोर्ट पॉडच्या पोर्टला जोडणारी सोय) लावून लॅपटॉपवरून ८००० उघडला, तर रिपोर्ट लगेच हजर. झालं, सगळे नेटवर्क टीमवर घसरले. मला शंका आली ती इथेच. पोर्ट-फॉरवर्ड सर्व्हिसच्या वाटेने जातच नाही. ते पॉडच्या आत शिरून तिथल्या लोकलहोस्टला जोडतं. आतून लागतं आणि बाहेरून नाही, म्हणजे ऐकणारा नेमका कुठल्या पत्त्यावर बसलाय ते बघायला हवं.

कंटेनर ज्यातून बनतो ती इमेज इतकी छाटलेली की आत नेटस्टॅट हे उघडे पोर्ट दाखवणारं साधनसुद्धा नाही. सरळ /प्रॉक/नेट/टीसीपी ही लिनक्सची जोडण्यांची यादी कॅट करून वाचली. पत्ते हेक्समध्ये (१६ पायाच्या आकड्यांत), त्यात आयपीचे बाइट उलटे. एक ओळ ००००००००:१एफ९०, म्हणजे ८०८०, सगळ्या पत्त्यांवर. दुसरी ०१००००७एफ:१एफ४०. उलटीकडून वाचली: १२७.०.०.१, पोर्ट ८०००. बाइंड (कुठल्या पत्त्यावर ऐकायचं ते) सांगितलं नाही तर गनिकॉर्न हाच पत्ता धरतो, आणि ज्या टीमने तो प्रोग्रॅम लिहिला तिला तेव्हा वेगळं सांगायची गरजही नव्हती.

बाइंड ०.०.०.०:८००० केलं, नवे पॉड आले, अकाउंट्सचं काम सुरू झालं. रीडिनेस प्रोब (कंटेनर तयार आहे का याची तपासणी) फक्त ८०८० वर होता, तो रिपोर्टच्या कंटेनरलाही लावला; क्युबलेट हा मशीनवरचा कुबरनेटीसचा एजंट पॉडच्या आयपीवर प्रोब करतो, त्यामुळे असला घोळ लगेच उघडा पडला असता.

तेवढ्यात सिक्युरिटीवाल्यांचा फोन: "म्हणजे आता क्लस्टरमधला कुठलाही पॉड रिपोर्ट वाचू शकतो?" शकत होताच. मग नेटवर्क पॉलिसी (कुणाला कुठल्या पोर्टवर येऊ द्यायचं ते नियम, बाकी सगळं बंद) लिहायला बसलो. तिच्यात ८०८० ची परवानगीही आठवणीने घालावी लागते, नाहीतर अकाउंट्सचं भलं करताना वेबसाइटच बंद.