लिंकिंग सुरू झालं की बाकीचे कोअर रिकामे

ह्या वेळचं अपडेट. सीप्लसप्लस प्रोजेक्टचा बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवायचं काम, मेकवरून निंजावर आणलाय (दोन्ही बिल्ड चालवणारी टूल्स). निंजाला वेगळं काही सांगावं लागत नाही, कोअरच्या संख्येपेक्षा दोन जास्त जॉब (एकाच वेळी चालणारी कामं) तो आपणहून सुरू करतो, मेकला जे फ्लॅग (एका वेळी किती जॉब ते सांगणारा पर्याय) दिला नाही तर तो एकेक फाइल घेत बसतो. कंपाइल (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर) चालू असताना एचटॉपमध्ये (प्रत्येक कोअर किती कामात आहे ते दाखवणारं टूल) १६ च्या १६ बार भरलेले बघायला भारी वाटतं!

पण ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले तुकडे) तयार झाल्या, लिंकिंग, म्हणजे ते तुकडे जोडून एक प्रोग्रॅम करणं, सुरू झालं, की एकच बार भरलेला आणि बाकी सगळे रिकामे, कारण नेहमीचा लिंकर जीएनयू एलडी एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर, चालतो. अ‍ॅमडाल ह्या कॉम्प्युटर आर्किटेक्टने १९६७ मध्येच हे सांगून ठेवलंय. दहावा हिस्सा काम जरी एकाच कोअरवर अडलं तर १६ कोअर मिळून ६.४ पटच वेग देतात, आणि कोअर कितीही वाढवले तरी १० पटीच्या वर जाताच येत नाही.

आणि मुळात आपण दिवसभर फुल बिल्ड करतो कुठे, एक फाइल बदलायची, बिल्ड मारायचा, रन करायचं, परत बदलायची, म्हणजे कंपाइल एका फाइलचं आणि लिंक मात्र अख्ख्या प्रोग्रॅमचं. म्हणून माझ्या मते जास्त कोअरचा सीपीयू घेण्याआधी लिंकर बदलून बघा. मी मोल्ड हा लिंकर लावलाय, रुई उएयामांचा, ह्यांनीच आधी एलएलडी ह्या दुसऱ्या लिंकरवरही काम केलंय. सिंबल (फंक्शन-व्हेरिएबलची नावं) जुळवणं, सेक्शन (कोड-डेटाचे भाग) कॉपी करणं सगळं मोल्ड अनेक थ्रेडमध्ये वाटतो, आणि फरक घड्याळ न बघता कळतो.

रॅमकडे पण लक्ष ठेवा. टेम्प्लेटने (टाइपनुसार कोड तयार करणारे साचे) भरलेल्या फाइली एकदम १६ कंपाइल व्हायला लागल्या आणि मशीन स्वॅपमध्ये गेलं (रॅम संपून डिस्क वापरायला लागलं) तर जॉब कमी केलेलेच परवडतात. एलटीओ (लिंक करताना अख्ख्या प्रोग्रॅमचं ऑप्टिमायझेशन) हवं असेल तर थिनएलटीओ हा त्याचा अनेक कोअर वापरणारा प्रकार घ्या, फुल एलटीओ सगळा कोड एकाच मॉड्यूलमध्ये गोळा करतं, तिथे परत एकच कोअर राबतो.

आता क्लँग ह्या कंपायलरचा टाइम ट्रेस फ्लॅग (कशात किती वेळ गेला ते नोंदवणारा) लावून बघतोय. एक जनरेट केलेली भलीमोठी फाइल सगळ्यात शेवटपर्यंत रेंगाळते, बाकीच्या कधीच्या संपलेल्या असतात. निंजा १.१२ पासून क्रिटिकल पाथवरची (सगळ्यात जास्त वेळ खाणाऱ्या साखळीतली) कामं आधी घेतो, पण एकटी फाइल इतकी मोठी असेल तर त्याने भागत नाही, तिचे तुकडेच करायला हवेत. सध्या जनरेटरमध्ये तेच चाललंय.