सोडतीत मिळालेली शाळा

दर वर्षी जानेवारीच्या आसपास माझ्या जेवणाच्या टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा ढीग साचतो. त्यांत जन्माचे दाखले, जातीचे दाखले, तहसील कार्यालयातून मिळवलेले उत्पन्नाचे दाखले आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एखाद्याच नशीबवान कुटुंबाकडे असलेला नोंदणीकृत भाडेकरार अशी कागदपत्रे असतात. शिक्षण हक्क कायद्याखालच्या पंचवीस टक्के जागांसाठी, म्हणजे सगळे ज्याला नुसते ‘आरटीई’ म्हणतात त्यासाठी, मी पुण्यात हडपसरच्या आमच्या भागातल्या पालकांचे अर्ज ऑनलाइन भरून देते. खासगी शाळांना सरकारी पैसा द्यावा की नाही आणि पालकांना शाळा निवडण्याचा हक्क असावा की नाही, हा वाद मी वर्तमानपत्रांत अनेक वर्षे वाचत आले आहे. तो खरा समजू लागला, तो मात्र हे अर्ज भरायला बसल्यावर.

अर्जात एक नकाशा येतो आणि त्यावर एक लाल फुगा असतो. तो आपल्या घरावर नेमका ठेवायचा, मग संगणक प्रत्येक शाळेचे अंतर मोजतो आणि एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी, तीन किलोमीटरपर्यंतच्यांना नंतर संधी मिळते. वस्तीतल्या बोळाला नकाशात नाव नसते, त्यामुळे मोबाइलवर घाईने भरलेल्या अर्जात फुगा कधी कालव्यापलीकडे पडतो, कधी शेजारच्या सोसायटीत. कागदपत्रांच्या पडताळणीत हा फरक उघड झाला, की सोडतीत मिळालेला प्रवेशही जातो. शाळा मात्र जास्तीत जास्त दहा निवडता येतात. त्या दहा शाळांची नावे सांगताना आयांच्या चेहऱ्यावर जे दिसते, ते पाहिल्यानंतर ‘गरिबांना कसली निवड हवी, त्यांना जवळची शाळा पुरे’ असे म्हणणाऱ्यांशी माझे कधीच जमणार नाही.

२००९ साली संमत झालेला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला हा कायदा विनाअनुदानित खासगी शाळांना बंधन घालतो, की पहिलीच्या किंवा शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग असतील तर त्यांच्या किमान पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्यात आणि आठवीपर्यंत त्यांना मोफत शिकवावे. संस्थाचालकांनी या तरतुदीला आव्हान दिले, पण १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती वैध ठरवली. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना तेवढी सूट मिळाली, आणि २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याकांच्या सगळ्याच शाळा कायद्याच्या कक्षेबाहेर गेल्या. या मुलांचा खर्च शासनाने शाळेला द्यायचा असतो. शासनाचा स्वतःच्या शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्यामागचा खर्च किंवा त्या शाळेची प्रत्यक्ष फी, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. तिला सरकारी भाषेत ‘शुल्क प्रतिपूर्ती’ म्हणतात आणि माझ्या मते सगळ्या वादाचे मूळ या शब्दातच आहे.

महाराष्ट्रात ही रक्कम अनेक वर्षे विद्यार्थ्यामागे वर्षाला १७,६७० रुपये राहिली आहे, म्हणजे महिन्याला पंधराशे रुपयांहूनही कमी. करोनाच्या वर्षी शाळा बंद होत्या म्हणून ती ८,००० रुपयांवर आणली गेली. तीही वेळेवर मिळत नाही. थकबाकी शेकडो कोटींत जाते, संस्थाचालकांच्या संघटना प्रवेशावर बहिष्कार टाकण्याचा इशारा देतात, थोडे पैसे सुटतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच घडते. या भांडणाची झळ कोणाला लागते, हे मी जवळून पाहिले आहे. एका शाळेने आरटीईच्या मुलांच्या पालकांना पुस्तके, गणवेश आणि ‘उपक्रम शुल्क’ यांसाठी वर्षाला अकरा हजार रुपये भरायला सांगितले. एका वडिलांनी कायद्यातली तरतूद छापून नेली, तेव्हा त्यांना उत्तर मिळाले, ‘आम्हाला सरकारकडून तीन वर्षांचे पैसे आलेले नाहीत, तुम्ही ते आणून द्या.’ त्या उत्तरातला उद्धटपणा मला मान्य नाही, पण त्यातली तक्रार खोटी नव्हती. शासनाने न भरलेले बिल शेवटी रिक्षा चालवणाऱ्या माणसाच्या हातात पडले होते.

म्हणून, खासगी शाळेला सरकारी पैसा देणे तत्त्वतः चूक आहे, असे म्हणणाऱ्या माझ्या पुरोगामी मित्रमैत्रिणींशी मी सहमत नाही. महाराष्ट्रात हा पैसा नवा नाही. ब्रिटिश काळातल्या, १८५४ च्या वुडच्या खलित्याने अनुदानाची पद्धत आणली, आणि आपल्याकडचे माध्यमिक शिक्षण मुख्यतः खासगी संस्थांनी चालवलेल्या, पण शासनाच्या वेतन अनुदानावर उभ्या असलेल्या शाळांतूनच झाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था ही काही सरकारी संस्था नव्हे. माझी आई, मी आणि माझा भाऊ अनुदानित शाळांतच शिकलो. त्या व्यवस्थेत पैशाबरोबर जबाबदारीही येत असे. शिक्षकांची पात्रता, वेतनश्रेणी, आरक्षण, फी या सगळ्यांवर शासनाची नजर असे आणि गावातले कोणतेही मूल त्या शाळेत जाऊ शकत असे.

पैसा कोणाचा आणि तो कोणासाठी खर्च होतो, हा प्रश्नही आपल्याकडे जुना आहे. १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगासमोर दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी हेच मांडले होते, की शेतकऱ्यांच्या सारातून आलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि तो भरणाऱ्यांची मुले प्राथमिक शिक्षणावाचून राहतात. मला हा मुद्दा आजच्या वादातही निर्णायक वाटतो. शाळा खासगी की सरकारी, यापेक्षा सार्वजनिक पैसा भरणाऱ्याच्या मुलापर्यंत पोहोचला की नाही, हे आधी पाहिले पाहिजे.

अनुदानाची ती परंपरा पुढे आपणच मोडली. आधी ‘कायम विनाअनुदानित’ या अटीवर शाळांना परवानग्या दिल्या गेल्या. २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द काढला, पण अनुदान मात्र वीस टक्के, चाळीस टक्के अशा टप्प्यांनी येत राहिले आणि त्यासाठी शिक्षकांना पावसाळ्यात आझाद मैदानावर बसावे लागले. २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला आणि नव्या शाळा जवळजवळ पूर्णपणे फीवर चालू लागल्या. शहरांच्या कडेला जी नवी वस्ती वाढली, तिथे अनुदानित शाळा निघाल्याच नाहीत. आमच्या भागात गेल्या वीस वर्षांत इमारतींमागून इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्यासाठी शाळाही निघाल्या, पण त्या सगळ्या फीच्या. स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला, सुरक्षारक्षक म्हणून त्या इमारतींत येणाऱ्या माणसांच्या मुलांसाठी एक महापालिकेची शाळा आणि आरटीईची सोडत एवढेच उरले.

ही सोडतही किती अरुंद आहे ते पाहा. २०२३-२४ च्या प्रवेशांसाठी राज्यभरात सुमारे एक लाख जागा होत्या आणि अर्ज साडेतीन लाखांहून अधिक आले. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे. महिन्याला सव्वाआठ हजारांत पुण्यासारख्या शहरात खोलीचे भाडे देऊन कोण राहू शकतो? नवरा-बायको दोघेही प्रामाणिकपणे कष्ट करत असतील, तर ते या मर्यादेबाहेर जातात, आणि उत्पन्न लपवू शकणारा दुकानदार आत बसतो. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग अशा वंचित घटकांतील मुलांना उत्पन्नाची अट नाही, हे योग्यच आहे. पण बाकीच्यांसाठी ही मर्यादा वाढवायला कोणीही तयार नाही, कारण मर्यादा वाढली की अर्ज वाढतील आणि अर्ज वाढले की जागा किती कमी आहेत हे झाकता येणार नाही.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने नियम बदलले. ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटर परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तिला पंचवीस टक्क्यांच्या बंधनातून सूट मिळाली. शहरांत अशी शाळा जवळ नसलेली खासगी शाळा जवळपास सापडतच नाही. कर्नाटकाने हेच आधी केले होते आणि तिथल्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते मान्यही केले होते. त्या वर्षी आमच्या टेबलावर पिशव्या आल्याच नाहीत. संकेतस्थळावर घराजवळच्या शाळा शोधल्या, की महापालिकेची आणि अनुदानित शाळांची नावे दिसत, जिथे प्रवेशासाठी अर्जाची गरज कधीच नव्हती. एका आईने मला विचारले, “ताई, या शाळेत तर मी पोराला उद्या हात धरून नेऊ शकते, मग हा फॉर्म कशाला?” राज्यभरात जागा जवळजवळ नऊ लाख दाखवल्या गेल्या आणि अर्ज एक लाखही आले नाहीत.

६ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या बदलाला स्थगिती दिली, १९ जुलैला तो रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला. संसदेने दिलेला हक्क राज्याला नियम करून काढून घेता येणार नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. मला मनापासून आनंद झाला. मात्र सोडतीची यादी लागेपर्यंत जुलै संपत आला होता, आणि ज्यांनी वाट पाहिली त्या मुलांचा पहिलीचा पहिला महिना घरीच गेला.

शासनाच्या बाजूचा युक्तिवाद मी टाळणार नाही, कारण तो माझ्या सख्ख्या मावसबहिणीने मला तावातावाने ऐकवला आहे. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. ती म्हणते, की आमचे वर्ग ओस पडत असताना शासनाने मुले खासगी शाळांत पाठवायला पैसे का मोजावेत. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याचा विचार २०२३ मध्ये पुढे आला, तेव्हा तिच्या तालुक्यातल्या वाड्यांवरच्या शिक्षकांची झोप उडाली होती. तिची भीती खरी आहे. पण आरटीईमुळे वर्ग ओस पडले, हे मला पटत नाही. एक लाख जागा दर वर्षी पूर्ण भरल्या, तरी पहिली ते आठवी मिळून आठ लाख मुले होतात आणि राज्यात शिकणाऱ्या मुलांची संख्या दोन कोटींहून अधिक आहे. जिल्हा परिषदेची शाळा सोडून गेलेली बहुसंख्य मुले फी भरून गेली आहेत, काही ठिकाणी आईचे मंगळसूत्र गहाण ठेवून. शिक्षकांच्या रिक्त जागा, एकाच शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे, आणि पहिलीपासून इंग्रजी हवे ही पालकांची तीव्र इच्छा, ही त्यामागची कारणे आहेत. आरटीई बंद केल्याने यातले एकही दूर होत नाही.

त्याच आठ लाख मुलांचा १७,६७० रुपयांप्रमाणे खर्च काढला, तर वर्षाला साधारण चौदाशे कोटी रुपये होतात. ही जास्तीत जास्त रक्कम झाली, कारण सगळ्या जागा कधीच भरत नाहीत. शालेय शिक्षणावरचा राज्याचा एकूण खर्च याच्या कितीतरी पट आहे. एवढी रक्कम वेळेवर देणे अशक्य नाही. ती शाळांच्या खात्यात प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला जमा झाली पाहिजे आणि प्रत्यक्ष खर्चाशी जुळवून दर दोन वर्षांनी वाढली पाहिजे. त्यानंतर जी शाळा या मुलांकडून एक रुपया मागेल, तिच्यावर कारवाई करण्याचा नैतिक अधिकार शासनाला मिळेल. आज तो नाही. आणि नियम बदलून बिल टाळण्यात जी बुद्धी खर्च झाली, ती महापालिकेच्या शाळेत पूर्ण वेळ शिक्षक देण्यात खर्च झाली असती, तर माझ्या मावसबहिणीचा आणि माझा वाद उरलाच नसता.

आमच्या इमारतीत स्वयंपाकाची कामे करणाऱ्या एक बाई आहेत. २०१७ मध्ये मी भरलेला पहिलाच अर्ज त्यांच्या मुलीचा होता आणि तिचे नाव सोडतीत निघाले. २०२० मध्ये धाकट्या मुलाचे निघाले नाही, तो महापालिकेच्या शाळेत गेला. आई-वडील तेच, खोली तीच, नकाशावरचा फुगाही त्याच जागी. मुलगी फाडफाड इंग्रजी बोलू लागली, मुलाला चौथीपर्यंत वाचायला अडखळावे लागे. मग त्याच्या शाळेत एक नव्या बाई आल्या, त्या रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबून पाच-सहा मुलांना वाचायला बसवत. आता तो वर्तमानपत्रातला क्रिकेटचा मजकूर मोठ्याने वाचतो.

मुलगी २०२५ मध्ये आठवी पास झाली आणि त्याबरोबर तिचा मोफत शिक्षणाचा हक्क संपला. नववीसाठी शाळेने फीचे पत्रक दिले, तो आकडा आईच्या सहा महिन्यांच्या कमाईएवढा होता. आम्ही मे महिनाभर फिरलो. शेवटी शहरातल्या एका जुन्या अनुदानित शाळेत सेमी-इंग्रजीच्या तुकडीत एक जागा मिळाली. अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत फी नसते, हे तिच्या आईला मी सांगेपर्यंत ठाऊक नव्हते. आता ती दोन बस बदलून जाते, सकाळी सव्वासहाला निघते. मराठीच्या पहिल्या चाचणीत तिला वीसपैकी सात गुण मिळाले, म्हणून रविवारी ती माझ्याकडे व्याकरण शिकायला येते, आणि तिच्या शेजारी बसून तिचा भाऊ तिला जोडाक्षरे दुरुस्त करून देतो.