शेवटची दहा मिनिटं

"ही जपानी मुलं बोलत का नाहीत? विषयच कळत नाही का त्यांना?" गेल्या आठवड्यात तास संपल्यावर एका अमेरिकन मुलाने मला गाठून विचारलं. टोकियोतल्या एका विद्यापीठात मी टीए, म्हणजे सरांची मदतनीस, आहे. तास इंग्रजीतून होतो. निम्मी मुलं जपानी, निम्मी अमेरिकेतून एका सत्रासाठी आलेली.

त्याची चिडचिड मला कळते. तिकडे वर्गात बोलण्यालाही बरेचदा मार्क असतात. त्यामुळे ही मुलं वाक्य जुळायच्या आत हात वर करतात आणि बोलता बोलता विचार करतात. मधेच चुकलं तर हसून पुन्हा सुरू. मला हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू! फक्त सरांना नुसत्या नावाने हाक मारतात ते अजून कानाला टोचतं.

जपानी मुलं प्रश्न आला की आधी शेजारच्याकडे बघतात. 'कूकी ओ योमू' म्हणतात इथे, म्हणजे हवा वाचायची, न बोलता सगळ्यांचा कल ओळखायचा. ती वाचून होईपर्यंत समोरच्या बाकावरून अमेरिकन उत्तर आलेलं असतं. (काही जण डुलक्याही काढतात. रात्री दुकानात काम करून येतात, असं मी त्याला सांगितलं. सगळेच काही तसे नसतात.)

पण शेवटच्या दहा मिनिटांत 'रिआपे' वाटतात. रिअ‍ॅक्शन पेपरचं हे इथलं लाडकं नाव. अर्ध्या पानावर आजच्या तासाबद्दल लिहून द्यायचं, हजेरीही त्यावरच. ते गठ्ठे मी घरी जाताना ट्रेनमध्ये वाचते.

त्या दिवशी विषय होता रिकाम्या घरांचा. २०२३ च्या पाहणीत जपानमध्ये अशी सुमारे ९० लाख घरं निघाली. हा मुलगा बराच वेळ बोलला: जपानी लोक भावुक, वाडवडिलांचं घर पाडवत नाही त्यांना. दोनचार जणांनी माना डोलावल्या. मीसुद्धा.

रिआपेमध्ये एकीने लिहिलं होतं, "आजोबांचं घर रिकामं आहे. घर उभं असलं तर छोट्या जागेवरचा कर सहाव्या हिश्श्याच्या हिशोबाने बसतो, पाडलं की ती सवलत जाते. वर पाडायचा खर्च. बाबा दरवर्षी आकडेमोड करतात आणि घर तसंच ठेवतात. याला भावना म्हणायचं का?"

ती त्याच्या शेजारीच बसली होती. सत्रभर एक शब्द बोललेली नाही.

मीही पुण्यात अशीच गप्प असायचे. 'समजलं का?' 'हो सर!', एवढाच आमचा सहभाग. पण आम्ही हवाबिवा वाचत नव्हतो, मागच्या बाकावरचे हसतील याची भीती होती. आणि आम्हाला कोणी कागद दिला नाही. दिला असता तर मीही काही लिहिलं असतं, असं मी स्वतःला सांगते.

काल सरांनी तो कागद नाव न घेता वाचून दाखवला. मुलगा मोकळेपणाने म्हणाला, "माझं चुकलंच. पण हे तेव्हाच का नाही सांगितलं?" आणि उत्तरासाठी वर्गभर पाहिलं. ती वहीत काहीतरी लिहीत होती. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हजेरीचे कागद सारखे करत राहिले.