विंटरबोर्नच्या दरीत मातीचं घर

इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या डॉर्सेट परगण्यात, ब्लँडफर्ड शहराच्या नैऋत्येला एका दरीत विंटरबोर्न हॉटन, विंटरबोर्न स्टिकलँड, विंटरबोर्न क्लेनस्टन, विंटरबोर्न व्हाइटचर्च, विंटरबोर्न किंग्स्टन अशी गावं एकामागून एक लागतात. नाव ओढ्याचं. हा ओढा फक्त हिवाळ्यात वाहतो. इथल्या टेकड्या खडूच्या दगडाच्या. पाऊस त्यांच्यात मुरत जातो, जमिनीखालची पातळी हळूहळू वर येते आणि डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला झरे फुटतात. मग सगळ्या दरीभर, रस्त्याच्या कडेनं, घरांच्या फाटकांपुढून काचेसारखं नितळ पाणी वाहायला लागतं. जून उजाडेपर्यंत पात्र कोरडं पडतं आणि त्यात गुडघाभर गवत वाढतं. पुढे स्टरमिन्स्टर मार्शलजवळ हा ओढा स्टाउर नदीला मिळतो.

याच दरीतल्या एका गावात आम्ही घर घेतलं. गाव छोटं आहे आणि शेजाऱ्यांना न विचारता त्याचं नाव इथं लिहिणं मला बरं वाटत नाही. एक चर्च, एक पब, एक व्हिलेज हॉल. रस्त्यावर दिवे नाहीत. गॅसची पाइपलाइन नाही, त्यामुळे परसात घर तापवायच्या तेलाची टाकी, आणि थंडीआधी गावातली घरं मिळून एकत्र तेल मागवतात म्हणजे दर जरा उतरतो. ब्लँडफर्डची रेल्वे १९६६ साली प्रवाशांसाठी बंद झाली. बस मोजक्या. कढीपत्ता आणि ज्वारीच्या पिठासाठी साउथॅम्प्टन गाठावं लागतं.

इंग्लंडमध्ये घर ठरणं आणि घर आपलं होणं यांत मोठं अंतर असतं. आपण किंमत सांगितली, मालकानं मान डोलावली, एजंटनं पाटी बदलली, तरी कायद्यानं अजून कुणीच बांधलेलं नसतं. आपल्याकडे इसार दिला की बोलण्याला वजन येतं. इथं दोन्ही बाजूंचे वकील करारांची अदलाबदल करतात त्या दिवशी साधारण १० टक्के रक्कम भरायची, तेव्हा व्यवहार पक्का. तोवर मालक जास्त पैसे देणाऱ्याकडे वळू शकतो. शिवाय साखळी असते: आपल्याला विकणारा दुसरं घर घेत असतो, त्याला विकणारा तिसरं, आणि एक कडी अडली की सगळे अडतात. आमच्या साखळीत कुणाचं तरी कर्ज रखडलं आणि दोन ऋतू वाट पाहण्यात गेले. स्टॅम्प ड्यूटीचा हिशेब मात्र सरळ आहे. १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी ३,५०,००० पौंडांच्या घराला, ते तुमचं एकमेव पण पहिलं नसलेलं घर असेल तर, ७,५०० पौंड.

पण ज्यासाठी हे लिहायला बसले ते वेगळंच. गावातलं घर घेताना कागद निम्मीच गोष्ट सांगतात. उरलेली निम्मी जमीन सांगते आणि शेजारी सांगतात, आणि ती ऐकायला फेब्रुवारीत जावं लागतं. घरं बघायला सगळे मे-जूनमध्ये येतात. तेव्हा ओढा आटलेला, गुलाब फुललेले, रात्री साडेनऊपर्यंत उजेड. फेब्रुवारीत पाणी शेतांच्या कोणत्या कोपऱ्यातून वर येतं ते दिसतं, कोणाच्या तळघरात पंप घरघरतो ते ऐकू येतं. २०१३-१४ च्या हिवाळ्यात दक्षिण इंग्लंडमध्ये पाऊस इतका झाला की खडूच्या दऱ्यांमध्ये जमिनीखालचं पाणी थेट फरशांमधून वर आलं. असं पाणी नदीच्या पुरासारखं एका रात्रीत ओसरत नाही, आठवडेच्या आठवडे घरात राहतं. वकिलानं मागवलेल्या अहवालात त्याबद्दल एक रंगीत नकाशा होता. आमच्या होणाऱ्या शेजारीण आजींनी मात्र रबरी वेलिंग्टन बूट घातले, आम्हाला गल्लीच्या टोकापर्यंत नेलं आणि काठीनं दाखवलं: इथवर आलं होतं, तुमच्या पायरीला लागलं नव्हतं. नव्वदीच्या उंबरठ्यावरची ती बाई ओळखदेख नसताना थंडीत तासभर आमच्याबरोबर चालली. घर घ्यायचं मी त्या दिवशी मनाशी ठरवलं.

आणि भिंती! इथल्या जुन्या घरांच्या भिंती कॉबच्या, म्हणजे मातीच्या. खडूची भुकटी, चिकणमाती, गव्हाचं काड आणि पाणी एकत्र तुडवायचं आणि थरावर थर चढवत भिंत उभी करायची. माझं आजोळ माण तालुक्यातलं. तिथं पांढरीच्या मातीत काड मिसळून पायानं तुडवताना मी लहानपणी पाहिलंय. हजारो मैलांवर तीच रीत, तेवढ्याच जाड भिंती आणि उन्हाळ्यात आत तोच गारवा. कॉबच्या घराला चांगले बूट आणि चांगली टोपी लागते, असं इथले लोक म्हणतात. बूट म्हणजे चकमकीच्या दगडाचं जोतं, टोपी म्हणजे रुंद वळचणीचं शाकारलेलं छप्पर. पागोळ्या भिंतीपासून लांब पडल्या पाहिजेत.

या भिंतींचा वैरी सिमेंट. गेल्या शतकात पुष्कळांनी हौसेनं सिमेंटचा गिलावा चढवला. भिंतीतली ओल आतच कोंडली आणि काही घरांच्या भिंती पायथ्याशी फुगून ढासळल्या. मातीला श्वास घ्यायला चुनाच हवा. म्हणून असं घर घेताना साध्या तपासणीवर थांबू नये, लेव्हल ३चा, म्हणजे सगळ्यात सविस्तर, सर्व्हे करून घ्यावा, आणि तोही कॉब जाणणाऱ्या सर्व्हेअरकडून. बँकासुद्धा मातीच्या घराला कर्ज देताना हजार प्रश्न विचारतात. घर ‘लिस्टेड’, म्हणजे जपायच्या इमारतींच्या सरकारी यादीतलं, असेल तर खिडकी बदलायलाही परवानगी लागते, आणि न विचारता केलेला फेरफार हा फौजदारी गुन्हा आहे. काहींना हा जाच वाटतो. मला तो योग्य वाटतो. या भिंती आमच्याआधी दोनशे वर्षं कुणी तरी सांभाळल्या आहेत.

जवळच मिल्टन अ‍ॅबस आहे. तिथं मी पाहुण्यांना आवर्जून नेते. उतरत्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकसारखी, पांढरी, शाकारलेली कॉबची घरं. इतकं देखणं गाव कसं झालं? आधीचं मिडलटन हे बाजाराचं गाव जोसेफ डेमर या उमरावाला आपल्या वाड्यासमोर नको होतं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यानं ते पाडत आणलं आणि १७८० च्या सुमाराला नजरेआड हे नवं गाव वसवलं. एका वकिलानं घर सोडायला नकार दिला तेव्हा डेमरनं तळ्याचं पाणी त्याच्या घरात सोडलं, आणि वकिलानं दावा लावून जिंकला, असं सांगतात. त्या सुंदर रस्त्यावरून चालताना मला उठवलेल्या माणसांची आठवण येतेच. आज दुसऱ्या प्रकारे गावं रिकामी होतात. सुट्टीपुरती घरं घेणाऱ्यांमुळे किमती चढतात आणि इथं जन्मलेल्या मुलांना इथं घर परवडत नाही. १ एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमधल्या कौन्सिलांना, म्हणजे स्थानिक पालिकांना, अशा दुसऱ्या घरांवर दुप्पट कौन्सिल टॅक्स लावता येतो, ते बरंच झालं. खेड्यात घर घ्यायचं तर तिथं बारा महिने राहण्यासाठीच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या बागेच्या कडेनं सार्वजनिक पायवाट जाते. १९४९ च्या कायद्यानं अशा वाटांचे अधिकृत नकाशे झाले आणि लोकांची वहिवाट पक्की झाली. शेतकऱ्यानं शेतातली वाट नांगरली तर ठरावीक मुदतीत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. रविवारी अनोळखी माणसं कुत्र्यांसह आमच्या कुंपणाशी थबकतात, हवेबद्दल दोन शब्द बोलतात, पुढे जातात. मला ते आवडतं.

चर्चमध्ये पहिल्या महायुद्धातल्या मृतांची पाटी आहे. एका नावापुढे ‘मेसोपोटेमिया’, म्हणजे आजचा इराक, असं वाचलं आणि मी थांबले. डॉर्सेटशायर रेजिमेंटची दुसरी बटालियन १९१४ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात होती. तिथून ती सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर इराणच्या आखाताकडे गेली, आणि तिच्याच ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा पलटण होती. २९ एप्रिल १९१६ ला तिथलं कुत हे वेढलेलं शहर तुर्कांच्या हाती पडलं तेव्हा दोन्हीकडची पोरं एकत्र कैदेत गेली. नोव्हेंबरच्या स्मरणदिनी मी हे व्हिलेज हॉलमध्ये सांगितलं. खुर्च्या आवरणारे हात थांबले, आणि साताऱ्याकडच्या गावांतही अशा पाट्या आहेत का, असं त्यांनी मला विचारलं. आहेत, म्हटलं, आणि पुढच्या वेळी फोटो आणायचं कबूल केलं.

पुढच्या वर्षी आमच्या छपराचं आढं नव्यानं शाकारायचं आहे. दर दहा-पंधरा वर्षांनी ते करावंच लागतं. आजकालचा गहू बुटका असतो, त्याचं काड शाकारणीला चालत नाही. म्हणून काही शेतकरी मॅरिस विजनसारखा उंच वाणाचा जुना गहू मुद्दाम पेरतात आणि जुन्या बाइंडर यंत्रानं कापून पेंढ्या बांधतात. आमच्या शाकारणीवाल्याकडे कामांची लांब यादी आहे, पण त्यानं तारीख दिली आहे, आणि कापणीच्या वेळी शेतावर या, असंही सांगितलंय.